दोन बोटं झाकण

बाबांना कच्चा मासा आवडायला लागला तेव्हा मला पहिला संशय आला. भाजीत मीठ कणभर जास्त झालं तरी ताट सरकवणारा हा माणूस. आणि आता दर बुधवारी डेअरीतून येताना कोपऱ्यावरच्या जपानी हॉटेलातून सुशी बांधून आणतो.

"बदल नको का माणसाला?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला? टूथपेस्ट बदलली तर दोन दिवस धुसफुसता."

"संशोधकबाई, जेवा आता."

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी नोकरीची वाट बघत घरी बसले आहे, त्यामुळे निरीक्षणाला वेळच वेळ. बाबा निम्मा मासा तसाच टाकत. पण सोबत येणाऱ्या वसाबीच्या, म्हणजे त्या हिरव्या झणझणीत चटणीच्या, डब्या मात्र चाटूनपुसून लख्ख. मी मोजल्या. सहा. एका माणसाला एक देतात. शेवटी हॉटेलात फोन केला.

"तुमचे वडीलच मागून घेतात," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "वर विचारतात, याहून कडक नाही का? असं कुणी विचारत नाही हो. पोट बरं आहे ना त्यांचं?"

पोट ठणठणीत होतं. मला आठवलं ते वेगळंच. पंधरा दिवसांपूर्वी मी बाहेरून आले तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास. ओट्यावर पातेल्याच्या बुडाला दूध काळं झालेलं, आणि शेजारच्या खुर्चीत बाबा निवांत पेपर वाचत होते. "लक्ष नव्हतं," म्हणाले.

वसाबीचा झणका वासाच्या नसेतून जात नाही. तो चेहऱ्याच्या दुसऱ्याच नसेला झोंबतो. वास पार गेला तरी तेवढा पोचतो. चार महिन्यांपूर्वी बाबा आठवडाभर तापाने आणि सर्दीने झोपून होते. सुशी त्यानंतरची. बाबांचा वास गेला असेल, तर ते घरापुरतं नव्हतं.

कारण डेअरीत टँकर दूध उतरवायच्या धक्क्याला लागला की बाबा त्याचं झाकण दोन बोटं उचलतात, डोळे मिटून हुंगतात आणि "घ्या" किंवा "परत" म्हणतात. नमुना प्रयोगशाळेत जातो, पण निकालाला अर्धा तास लागतो. तोवर दूध मोठ्या टाकीत मिसळलेलं असतं. सत्तावीस वर्षं हे असंच चाललंय.

सरळ विचारलं असतं तर पुन्हा "लक्ष नव्हतं" ऐकावं लागलं असतं. म्हणून मागच्या बुधवारचे उरलेले तीन तुकडे मी बरणीत घालून गॅलरीत उन्हात ठेवले. तीन दिवसांनी झाकण उघडलं आणि शेजारच्यांचं मांजरसुद्धा कठड्यावरून उतरून गेलं.

या बुधवारी बाबा आले, सुशीचा डबा टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. मी ताजी सुशी घरातल्या डब्यात काढून फ्रीजमध्ये सरकवली आणि बरणी हॉटेलच्या डब्यात रिकामी केली. श्वास रोखून उभी राहिले.

बाबांनी सवयीने डब्याचं झाकण दोन बोटं उचललं. डोळे मिटले. नाक आत घातलं.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "ताजं आहे."

मी डबा ओढून घेतला. त्यांनी डोळे उघडले, आत बघितलं, मग माझ्याकडे.

"कार्टे," ते हळूच म्हणाले, "बापाला सापळा लावतेस?"

"कधीपासून, बाबा?"

"त्या तापापासून."

"आणि धक्क्यावर?"

"ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो. खराब माल आणणारा सारखं घड्याळ बघतो."

"आणि एखादा निगरगट्ट निघाला तर?"

बाबा वसाबीच्या डब्या एकावर एक रचत राहिले. "निघाला. गेल्या महिन्यात. निकाल आला तेव्हा टाकी भरलेली होती. सगळी ओतून दिली."

"तुम्ही तर म्हणाला होता की थंड करायचं मशीन बिघडलं!"

"तसंच सांगितलं होतं."

"म्हणजे मशीनवाल्याने बोलणी खाल्ली."

"हो." शेवटची डबी वर ठेवत म्हणाले, "उद्या सांगतो मॅनेजरला."

"आत्ता. माझ्यासमोर."

"विश्वास नाही?"

"नाही."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि मधोमध ठेवला.

"साहेब, सकाळचे टँकर निकाल आल्याशिवाय उतरवू नका. माझ्या हुंगण्यावर जाऊ नका."

"का हो? काय झालं?"

"मला वास येत नाही."

"सर्दी आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. हीच ती पळवाट, आणि आम्हा दोघांनाही ती दिसली.

"सर्दी नाही. चार महिने झाले. पूर्ण गेलाय. आणि ती टाकी माझ्यामुळे गेली, मशीनवाल्याचा दोष नव्हता."

मग मॅनेजर म्हणाले, "सकाळी लवकर या. आधी माझ्या केबिनमध्ये. धक्क्यावर नको."

मी कुजका डबा तीन पिशव्यांत बांधून खाली टाकून आले. फ्रीजमधली सुशी काढली तेव्हा बाबा खिडकीशी उभे होते.

"सुशीच का पण?" मी विचारलं.

"बाकी सगळ्या जेवणाला वास असायचा ना. ते खाताना फार चुकल्यासारखं वाटतं." ते येऊन बसले. डबा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बघ. काय येतंय?"

मी झाकण दोन बोटं उचललं. हुंगलं. खात्री नव्हती, म्हणून परत एकदा.

"काहीच येत नाही, बाबा. ताज्या माशाला वास नसतो."

"घ्या," बाबा म्हणाले.