हाड धड आहे

"हाड मोडलंय, असं सांग तिला," सासूबाई पुटपुटल्या.

सुईताईने त्यांची साडी घोट्यावरून वर सारली. घराच्या पुढच्या खोलीत पडदा लावून ती अ‍ॅक्युपंक्चरचे उपचार करायची, म्हणून सगळी गल्ली तिला सुईताईच म्हणे. त्या पडद्याआडच्या कॉटवर आज तिच्या सासूबाईच होत्या. पलीकडे नणंद फोनवर बोलत होती. आईला न्यायला आणलेली तिची गाडी फाटकाशी उभी होती, बॅगही गाडीत चढली होती आणि निघता निघता सासूबाईंचा पाय पायरीवर मुरगळला होता.

सुईताईने दोन्ही पावलं शेजारी ठेवून पाहिली. उजव्या घोट्यावर अंड्याएवढी सूज. हाडाची मागची कड ती अंगठ्याने दाबत गेली.

"इथे?"

"नाही."

मग पावलाची बाहेरची कड. "इथे?"

"नाही गं."

घोट्याच्या पुढे, मऊ जागी बोट टेकलं मात्र, सासूबाईंनी चादर मुठीत धरली.

"जरा उभ्या राहा. माझा खांदा धरा."

लंगडत का होईना, त्या भिंतीपर्यंत जाऊन आल्या.

"हाड धड आहे. नुसतं लिगामेंट ताणलंय."

"मेलं नको तेव्हा धड!" सासूबाई आडव्या झाल्या. "मुद्दाम नाही हं पडले. पण पडल्यावर वाटलं, बरं झालं."

सुजेत सुई घालायची नसते. सुईताईने सूज सोडून भोवताली आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला स्पिरिटचा कापूस फिरवला. सुई टेकवली, बोटाने टिचकी मारली.

"जड वाटतंय?"

"ओढल्यासारखं होतंय पोटरीत."

नवरा गेल्यापासून तिचे हात तेवढे आपापलं काम करत होते. बाकी सगळ्याला ती 'हं' म्हणे. रडून घे, असं लोक म्हणाले, हं. पंखा आता बदलायला झालाय, असं पंखेवाला म्हणाला, हं. आईला मी घेऊन जाते, तुझ्यावर भार नको, असं नणंद म्हणाली, त्यालाही हं.

"मी स्वयंपाकघरात होते तेव्हा," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "तू 'हं' म्हणालीस ते ऐकलं मी."

सुईताईचं बोट सुईवर थांबलं.

"तुला दोष देत नाही गं. पोटचाच राहिला नाही, तर सुनेच्या गळ्यात कशाला पडायचं? पण तिकडे लिफ्ट आहे, मऊ गादी आहे, आणि त्याचं नाव काढलं की टीव्ही मोठा करतात."

पडदा सरकला. "वहिनी, काय म्हणतोय पाय? हाडबिड नाही ना मोडलं?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. एका शब्दाचं काम होतं. पण पेशंटच्या दुखण्याबद्दल सुईताई आजवर खोटं बोलली नव्हती.

"नाही. हाड धड आहे."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सुटले बाई! मग सुया काढल्या की निघतोच आम्ही."

"नको."

"बरं, आज आराम करू दे. उद्या येते."

"उद्याही नको."

"अगं, पण का? आत्ताच धड म्हणालीस ना?"

सुईताई कारण शोधत राहिली. आत काही सापडेना.

"मला हव्यात त्या इथे," ती म्हणाली. कुणाकडे कापूस मागावा, तशी.

नणंद तिच्याकडे बघत राहिली. "हे आधी बोलली असतीस, तर बॅग कशाला भरायला लावली असती मी?" ती म्हणाली, आणि गाडीतली बॅग काढून ठेवायला गेली.

वेळ झाल्यावर सुईताईने एकेक सुई काढली, जागेवर कापूस दाबला. दुखरा पाय उंच राहायला हवा, म्हणून कॉटच्या टोकाला बसून तिने तो आपल्या मांडीवर घेतला. सासूबाईंचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, पण खांदे हलत होते. हलता हलता ते शांत झाले, आणि श्वास संथ चालू लागला.

बाहेर गाडी सुरू होऊन निघून गेली. बऱ्याच वेळाने सुईताईच्या मांडीला मुंग्या आल्या. ती हलली नाही.