राजसीच्या खोलीतला लेथ

राजसी डेंग्यूनं गेली तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बदलापूर गावातल्या त्या बैठ्या घरात मालिनीनं लेकीची खोली जशीच्या तशी ठेवली. कपाटातल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नाहीत. दुपारची कामं उरकली की ती आत जाऊन दार लोटून बसायची.

तिचे यजमान श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. एकदा जेवताना ते म्हणाले, "उल्हासनगरला एक गाळा बंद होतोय. लोखंड कातायचा जुना लेथ विकायला काढलाय. घेऊ म्हणतो. घरच्या घरी लहानसहान कामं करीन."

"ठेवणार कुठे?"

श्यामकांत ताटाकडे बघत राहिले. राजसीच्या खोलीखेरीज घरात दुसरी जागाच नव्हती.

"घ्या," मालिनी म्हणाली आणि भात वाढायला उठली.

गाळ्याच्या सिंधी शेठनं लेथ सुरू करून दाखवला. "साहब, आपके घर जा रहा है, अच्छा लगा. भंगारवाला तो तोड़ ही देता."

क्रेननं लेथ टेम्पोत चढवला. श्यामकांत मागे लेथजवळच उभे राहिले. रस्ताभर खड्डे, टेम्पो हादरला की दोरांनी बांधलेलं ते धूड कुरकुरायचं.

खोलीच्या दारातून लेथ जाईना. मग खिडकी काढली, तिच्याखालची भिंत फोडली. लोखंडी पाइपांवरून सरकवत, पहारींनी रेटत माणसांनी तो आत घेतला. त्याच्या वजनानं फरश्या तडकल्या. मालिनीनं आदल्या दिवशीच राजसीचे कपडे आश्रमशाळेला देऊन टाकले होते. तिनं सगळ्यांना चहा दिला.

भिंत पुन्हा बांधून झाल्यावर श्यामकांतनी लेथ चालू केला. लोखंडाचा एक तुकडा लावला. मालिनी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. त्यांनी मशीन बंद केलं. पुढं रोज नुसतं पुसत राहिले.

एका दुपारी ते ऑइलचं फडकं घेऊन लेथ पुसायला खोलीत आले, तर मालिनी कोपऱ्यात कपाट उघडून उभी होती.

"काय शोधतेस?"

"काही नाही. कपाट उघडलं की तिचा वास यायचा. आता सगळीकडे ऑइलच येतं."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"ती गेल्यापासून तुम्ही काही मागितलंच नव्हतं. ते पहिलंच. नाही कशी म्हणणार?"

श्यामकांत स्टुलावर बसले. म्हणाले, "मला नको होता गं लेथ. तू या खोलीत बसून झिजत चालली होतीस. बघवत नव्हतं. म्हटलं, खोली भरली की बाहेर पडशील."

मालिनी खाली बसली आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. राजसीला नेलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. श्यामकांत तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले आणि ऑइलनं माखलेला हात तसाच मागे घेतला.

"विकून टाकू," ते म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "परत ती भिंत फोडावी लागेल."