टपोरी कॉलनी

आमच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांना पहिला धडा मीच देते. मोठी पदवी माझ्याकडे नाही, बावीस वर्षांचा हात आहे. उत्कर्षालाही मीच सांगितलं होतं, "प्लेटवर जिवाणूंचे ठिपके उगवतात, त्यांना कॉलनी म्हणायचं. त्यातली टपोरी उचलायची. मरतुकड्यांच्या नादी लागायचं नाही."

पोरगी वाघोलीहून दोन बस बदलून यायची आणि सांगितलेलं तंतोतंत पाळायची. जिवाणूत एक जनुक गरजेपेक्षा फार जास्त चालवलं तर काय होतं, हा तिचा विषय. पहिल्या खेपेला प्लेटवर सगळ्या कॉलन्या बारीकच होत्या, त्यातलीच एक तिने घेतली. पेशींची वाढ रखडली, बाकीची प्रथिनं बनणं जवळजवळ थांबलं. तिचे मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेचे प्रमुख अनिरुद्ध सर, त्यांनी पेढे वाटले. पुढे दोन वर्षं तिने तोच प्रयोग टपोऱ्या कॉलन्या घेऊन केला आणि जिवाणू दरवेळी मजेत वाढले. सर म्हणायला लागले, पहिले आकडे बनवलेले असणार.

या आरोपाच्या चौकशीला समिती बसणार होती, तिच्या आठवडाभर आधी फ्रिज साफ करताना तिची प्लेट हाती आली. सहज म्हणून मी एक बारीक कॉलनी वाढवली, एक टपोरी. बारकीच्या फ्लास्कमध्ये दुसऱ्या दिवशीही पाणी जेमतेम गढूळ, म्हणजे वाढ जवळजवळ नाहीच. दोन्हींचं जनुक तपासून अहवालाचा कागद आणला. टपोरीतलं मोडलेलं होतं. ज्यांनी त्या जनुकाचं ओझं टाकून दिलं, तेच फोफावले होते. पोरीचे पहिले आकडे खरे होते, चूक माझ्या धड्यात होती.

मी कोणालाच सांगितलं नाही. माझं कंत्राट दर मार्चला सरांच्या सहीने पुढे सरकतं.

समितीसमोर सरांनी तिला खोटारडी ठरवलं. ती रडली नाही. म्हणाली, "दीपालीताईंना विचारा सर. त्यांनी शिकवलं तसंच केलंय मी."

"काय हो दीपालीबाई?"

तपासणीचा तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, "मुलगी प्रामाणिक आहे, सर." तेवढंच. प्रामाणिकपणाला कोण विचारतो? तिचं नाव कमी झालं.

जाताना तिने पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून परत दिला. माझ्या पाया पडली.

"ताई, तिथे माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच बोललात."

ती गेल्यावर मी ती प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, जिवाणू मारायच्या वाफेच्या भांड्यात घातली, वीस मिनिटं वाफवली. मग हात धुतले. लाज वाटली, अजून वाटते. सोमवारी नवीन मुलगा आला आणि मी त्याला तोच धडा दिला.