पाचशे किलोमीटरचं व्रत

“पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर काढू नको हां. नवा पिस्टन म्हणजे नवी सून गो. घरात रुळेपर्यंत ओझं घालू नये.”

गाडी तिच्या हाती देताना नवरा, सगुण, हे म्हणाला होता. क्षमाला ते रोज सकाळी आठवे. पूजा आटोपून तुळशीला पाणी घातलं की ती डिचोलीच्या घरातून मोटरसायकल बाहेर काढी.

लग्नानंतर दोघं क्षमाच्या माहेरच्या माउलीदेवीची ओटी भरायला निघाली, तेव्हा तिळारीच्या घाटात दुसऱ्याच वळणावर या जुन्या गाडीचा दम संपला होता. क्षमाला उतरून चालावं लागलं, बसमधली माणसं हसली, दोघं परत फिरली. घरी येऊन सगुण एवढंच म्हणाला, दोघांना घेऊन चढेल अशी करतो, मग नेतो.

नवं इंजिन परवडणारं नव्हतं. म्हापशाच्या लेथवर सिलिंडर बोअर करून त्याने मोठा पिस्टन बसवला. हेड घासून घेतलं. हवा-पेट्रोलच्या आतल्या वाटा घरापुढच्या बाल्कांवात, ओट्यावर बसून, स्वतः कानशीने रुंद केल्या. सात रविवार त्यात गेले.

तीनशे बारा किलोमीटर झाले आणि त्याला ताप आला. चार दिवसांत तो गेला.

दीर सुदेश म्हणाला, वहिनी, द्या, बाकीचे एका दिवसात पुरे करतो. तिने मानेनेच नको म्हटलं. सोमवार करावेत तसे थोडे थोडे ती करत राहिली. बाजारात पाववाल्या पोदेराने सायकलवरून विचारलंही, बाये, ढकलू काय?

काल पाचशे भरले. सगुणने भिंतीवर खडूने लिहून ठेवल्याप्रमाणे तिने तेल बदललं. ओटीचं साहित्य मात्र दोनदा काढून दोनदा परत ठेवलं. विधवेने ओटी भरायची नसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सकाळी ती सासूपुढे उभी राहिली. मुलगा गेल्यापासून माई त्या गाडीकडे पाठ करून बसत.

“माई, मामंजी आहेत. ओटी तुम्ही भरा. गाडी मी चालवते.”

माईंनी वळून गाडीकडे पाहिलं. मग उठल्या, नारळ, तांदूळ, खण फडक्यात बांधून आणला आणि खुंटीवरचं सगुणचं हेल्मेट काढलं.

“दोघांना ओढील ना गो?”

“दोघांसाठीच केलीय त्यांनी.”

माईंनी मागे बसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. क्षमाने हळूच क्लच सोडला आणि गाडी तिळारीच्या घाटाकडे नेणाऱ्या दोडामार्गाच्या रस्त्याला लागली.