पुवाचा थेंब नाही

ड्रेसरमामांचं नाक म्हणजे अर्धी प्रयोगशाळा, असं दवाखान्यात सगळे म्हणत. पट्टी सुटायच्या आधीच ते वासावरून जखमेची कुंडली मांडत. पू दिसला की दुखणं बळावलं, पू आटला की माणूस घरी जायला मोकळा. उभा जन्म या एवढ्याशा शास्त्रावर निघाला आणि त्यात ते कधी फसले नव्हते, हीच तर पंचाईत झाली.

लेक केमोथेरपी घेऊन विश्रांतीला माहेरी आली होती. भाजी चिरताना तिच्या अंगठ्याला सुरी लागली. पट्टी मामाच बदलत. एका संध्याकाळी तिचं अंग तापलं, तसा जावई गाडीची किल्ली घेऊनच उभा राहिला.

"बाबा, ताप आला की लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"अहो, जखम बघा तरी! लाली नाही, सूज नाही, पुवाचा थेंब नाही. ताप अशक्तपणाचा आहे. सकाळी उतरेल."

"बाबा म्हणतायत ना," लेक म्हणाली आणि कूस बदलून झोपली. जावयानं किल्ली परत खुंटीला लावली.

सकाळी ती हाकेला ओ देईना.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, तेच जास्त लागलं. "पांढऱ्या पेशी अनेक तऱ्हेच्या असतात, काका. काही जंतूची ओळख लक्षात ठेवतात, काही त्याच्यावर उतारा तयार करतात. जखमेकडे सगळ्यात आधी धावतात त्या न्यूट्रोफिल. त्या जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच. केमोच्या औषधांनी हिच्या न्यूट्रोफिल जवळजवळ संपल्या होत्या. पू होणार कुठून? जंतू सरळ रक्तात शिरले."

लेक गेली. जावई मामांना एका शब्दानं बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या हुशारीनं पोरगी मारली, हे मामांना आता स्वतःच स्वतःला सांगावं लागत होतं.

कामावर परतल्यावर पहिलाच आला एक गवंडी, पाय ठणकत असलेला. पट्टी सोडताच पिवळा पू घळाघळा वाहिला.

"फार आहे का हो, मामा?"

"भरपूर आहे," मामा म्हणाले. "नशीब काढलंस."

थट्टा वाटून गवंडी चिडला. हातात कापूस धरून मामा तसेच बसले होते. त्या परक्या पायाचा त्यांना इतका हेवा वाटला, की तो पू त्यांना पुसवेना.