मौनी नावाचा कॅम्पर

“ए मौनी, तू हायस तरी कोण? अन् सारखं लपूनच कामून खेळायलास?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून सिंधूने फोन तोंडाशी धरून हळूच विचारलं. उदगीरच्या त्यांच्या गल्लीत आठ दिवसांनी आज पाण्याचा टँकर येणार होता. घागरींची रांग सांभाळत तिघी ओट्यावर बसल्या होत्या आणि मोबाइलवरची लढाई रंगात आली होती. पोरीचा आवाज ऐकला की खेळात सगळे चिडवतात, म्हणून तिघींनी आवाज बदलायचं ॲप घेतलं होतं. सिंधू कुजबुजली तरी पलीकडे चांगला मिशाळ गडी बोलायचा.

नववीच्या वर्गात कोणाला काय म्हणायचं, हे सिंधूच ठरवी. पहिल्या मिनिटाला मरतो तो नूब. धावत जाऊन भिडतो तो रशर. हे नाव तिने स्वतःकडे ठेवलं होतं. कोपरा धरून दडून बसतो तो कॅम्पर. तीन महिने त्यांच्यात चौथा म्हणून खेळणाऱ्या, कधीच न बोलणाऱ्या मौनीच्या वाट्याला ते आलं होतं. खरं तर सिंधू जखमी होऊन पडली की सरपटत येऊन तिला उठवायचा तो मौनीच. पण हे कोण ध्यानात ठेवतं?

सिंधूने विचारलं, आणि क्षणभराने तोच प्रश्न गड्याच्या आवाजात तिच्याच घरातून गरजला. स्वयंपाकघरामागच्या, महानंदाकाकूच्या खोलीतून.

बैठकीत सिंधूच्या वडलांनी, गुरुपादप्पांनी, माणसं जमवली होती. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून निवेदन चाललं होतं. लातूरवाल्यांनी आपल्याला कायम कडेला ठेवलं, हे वाक्य अर्धंच सोडून अप्पा उठले. चहाची हाक ऐकू यावी म्हणून काकूने फोनला जोडलेली कानातली वायर काढून ठेवली होती, तेवढंच निमित्त झालं.

मन्मथकाका गेले तेव्हा काकू पंचविशीची होती. त्याला सहा वर्षं झाली. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त चार बायका जमल्या की ती आत, आणि ओटी भरायची वेळ आली की आणखी आत. काकांचा जुना फोन तेवढा संतांची वचनं ऐकायला म्हणून तिच्याकडे राहिला होता.

“हा गडी कोण?” अप्पांनी खालच्या आवाजात विचारलं. बाहेर माणसं होती ना.

काकूने दाराशी आलेल्या सिंधूकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

गडी कोणी नाही, मीच आहे, हे सिंधूच्या ओठांवर आलं होतं. पण मग तिचाही फोन गेला असता. ती घागर उचलून रांगेत जाऊन उभी राहिली.

काकूचा फोन कपाटात गेला. आईने तिच्याशी बोलणं टाकलं. बैठकीतल्या माणसांनीही तो आवाज ऐकला होता; गल्लीतल्या बायका काकूला ‘तसली’ म्हणू लागल्या. नाव पडायला किती थोडा वेळ लागतो, हे सिंधूइतकं कोणाला ठाऊक असणार?

तिसऱ्या दिवशी खेळात ती पडली. उठवायला कोणी आलं नाही. फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली आणि ज्वारी निवडणाऱ्या काकूसमोर बसून रडली. काकूला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. घरात बोलायला मिळत नाही, निदान तिथं पोरीच्या सोबत राहावं, म्हणून सिंधूच्या खांद्यावरून बघून तिने टीमचा कोड पाठ केला होता.

“इचारलंस ते बरं केलंस,” काकू सुपातून नजर न काढता म्हणाली. “मी कोण, म्हणून सहा वर्षांत कुणी इचारलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी बसवजयंती होती. बसवजन्माच्या पाळण्याची दोरी धरायचा मान यंदा सिंधूचा होता. त्या रात्री आई-अप्पा जेवायला बसलेले असताना तिने आपला फोन अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला.

“अप्पा, त्या दिवशीचा गडी मी होते. आवाज बदलायचं ॲप हाय ह्याच्यात. काकूनं माझं नाव घेतलं न्हाई, अन् मी घागरीआड लपले.”

शेजारी ऐकतील, हळू बोल, असं आई म्हणू लागली.

“ऐकू दे, आई. सकाळी मी घरोघर जाऊन हेच सांगणार हाय. अन् दोरी मी धरणार न्हाई. काकू धरणार असंल तर तिच्या बाजूला उभी राहीन. न्हाईतर पाळणा हलेस्तोवर मी बी मागच्या खोलीत, तिच्यासंगं बसीन.”