डिस्क दिसत नाही

पारसने सकाळपासून चौथ्यांदा वायर काढली, फुंकर मारली आणि परत खोचली. टीव्हीखालच्या छोट्या सर्व्हरचा हिरवा दिवा लागला, मोबाइलवर गाण्यांचं पान उघडलं आणि पानावर तेच वाक्य आलं: एकही डिस्क जोडलेली नाही. दोन्ही डिस्का समोर शेजारी शेजारी पडलेल्या, हात लावला तर कोमट. जोडलेली नाही म्हणे!

शहाद्यात ठिबकच्या नळ्या आणि पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या माणसाला हा नसता उद्योग हवाच कशाला, असं त्याची बायको रूपल म्हणायची. नंदुरबारच्या करणसिंगने, म्हणजे पारसच्या कॉलेजातल्या दोस्ताने, तो सर्व्हर बसवून दिला होता. एका डिस्कवर सिनेमाची हजारो गाणी होती. ती गेली असती तर पारस दोन दिवस हळहळला असता आणि कामाला लागला असता. पण दुसऱ्या डिस्कवर बाबूजी होते.

बाबूजी म्हणजे त्याचे वडील, माणकचंद. पर्युषणात त्यांनी स्तवन म्हटलं की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. जैन साधू उतरतात त्या स्थानकात मशिन चालत नाही, म्हणून पारसने त्यांना घरी बसवून त्रेचाळीस स्तवनं रेकॉर्ड केली होती. होळीच्या आठवड्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. सुरतच्या वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं. रोज सकाळी त्यांचाच आवाज त्यांना ऐकवा, ते मागोमाग म्हणतील, त्या वाटेने शब्दही येतील. मात्र पहिल्या सहा महिन्यांत काय ते होईल, नंतर अवघड आहे. आणि खरंच, स्पीकर सुरू झाला की बाबूजी ओळीच्या ओळी म्हणायचे. बंद झाला की नुसतं अं, अं. पाच महिने असेच गेले होते.

आता पंधरवडा झाला, डिस्क एक दिवस दिसायची, एक दिवस नाही. गेले आठ दिवस तर मुळीच नाही. बाबूजी आठ वाजता अंघोळ करून खुर्चीत येऊन बसायचे, स्पीकरकडे बघायचे, पंधरा-वीस मिनिटं वाट बघायचे आणि काठी टेकत आत जायचे. पारसला ते जाताना बघवत नसे.

दुकानात त्याचं लक्ष लागेना. एकाने एक इंची पाइप मागितला, त्याने दोन इंची बांधून दिला. मोटार बंद पडली म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला हा शहाणा आधी विचारायचा, स्टार्टरपर्यंत लाइट येते का? स्वतःच्या घरी मात्र त्याने वायर बदलली, खाच बदलली, एक डिस्क काढून दुसरी लावून पाहिली, सर्व्हर पाच वेळा बंद-चालू केला, आणि वीज कुठे तुटते ते बघितलंच नाही. दोन्ही डिस्कांना सर्व्हरची वीज पुरत नाही म्हणून त्याने आषाढात स्वतःच्या विजेवर चालणारा हब, म्हणजे डिस्का जोडायची डबी, आणला होता. हब खिडकीखाली, शेजारच्या बोर्डात त्याचा अॅडॉप्टर लावलेला, आणि हबवर झगझगीत निळा दिवा. नवाकोरा हब, त्याच्यावर संशय कोण घेणार!

बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने डिस्क लावली, मान हलवली. "फॉरमॅट मागतेय. मारून देतो, दहा मिनिटांचं काम."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल ना, शेठ."

पारसने डिस्क जवळजवळ हिसकावून घेतली आणि तिथूनच करणसिंगला फोन लावला.

"दोन्ही एकदम गायब हुयनात ना?" करणसिंग त्याच्या अहिराणीत म्हणाला. "मंग डिस्कना दोष नही शे, भो. चालू काममा कोणतरी तिनी वीज तोडी ऱ्हायनं. ती घाबरीसन तोंड मिटी लेस."

"घरात इन्व्हर्टर आहे रे."

"मंग कोणतरी घरमाच शे."

पारस घरी आला तो चोर धरायलाच. रूपलला विचारलं. "त्या कोपऱ्यात मी झाडूसुद्धा घालत नाही," ती म्हणाली, "तुम्ही हात तोडाल माझे." धुणंभांडी करणाऱ्या कमलीबाईंना विचारलं, त्या नुसत्या हसल्या. पालीवरसुद्धा संशय घेऊन झाला. बोर्डाचं बटण तर रोज सकाळी चालूच सापडायचं. बाबूजींना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याला कोण काय विचारतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी करणसिंग फोनवर सांगत गेला आणि पारस लॅपटॉपवर एकेक पायरी करत गेला. दोन्ही डिस्का तपासायला लावल्या. तासभर त्या आतल्या आत खुरखुरल्या. मग परत हबला जोडल्या, आणि मोबाइलवर दोन्ही नावं आली! पारस ओरडलाच.

"नाचू नको," करणसिंग म्हणाला. "आधी सगळं उतारी ले. बाबूजीनी डिस्क थकेल शे. आते मधमाच वीज तुटनी तं ती परत उठावं नही."

पारसने स्तवनं लॅपटॉपवर उतरवायला लावली. डिस्क खरंच थकली होती. एकेक स्तवन यायला दहा-दहा मिनिटं लागत होती, मध्येच थांबायचं, परत हलायचं. तो दुकानात गेला नाही. चहा आला, तो गार झाला. तो पडद्यावरचे आकडेच बघत बसला. सात. अकरा. सोळा.

एकोणीस झाली तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. बाबूजींचं जेवण नेहमीसारखं दिवस मावळायच्या आत उरकलं होतं. काठीचा आवाज आला. स्तवनं ऐकायला येत असतील, असं पारसला वाटलं आणि तो हसला. बाबूजी त्याच्याकडे न बघता खिडकीपाशी गेले, वाकले, आणि डाव्या हाताने त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं.

निळा दिवा विझला. आकडा थांबला.

"बाबूजी! ओ कांई कर्यो!" पारसने मारवाडीत ओरडत झेप घेऊन बटण चालू केलं. डिस्क टक् टक् वाजली आणि फिरायला लागली.

बाबूजींनी डाव्या हाताचं बोट खाली केलं. हबखालच्या पांढऱ्या फरशीवर चिलटं, पाखरं, पंख गळलेले किडे पडले होते. काही अजून वळवळत होते. उघड्या खिडकीतून आणखी येतच होते, आणि तो दिवा परत लागल्याबरोबर त्याच्यावर आपटत होते. चातुर्मासात या माणसाने जन्मभर तिन्हीसांजेला नको तो दिवा लावू दिला नव्हता. रोज संध्याकाळी ते बटण बंद करत होते आणि पहाटे, पाखरं गेल्यावर, परत चालू करत होते, कारण आठ वाजता त्यांना गायचं होतं. डिस्कला ते सोसत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबूजींनी बटण परत बंद केलं. पारसने परत चालू केलं.

"थोडी देर, बाबूजी," तो हात जोडून म्हणाला. "आपरी आवाज है इणमें. फेर कठे सूं लावूं?"

बाबूजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी पारसच्या हातावर फाडकन चापट मारली.

"जीव मरे है!"

रूपल ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबूजी स्वतःच दचकून उभे राहिले. स्पीकर बंद होता. गाणं नव्हतं, चाल नव्हती. जन्मभर मुलाला रागवताना असायचा तोच तो आवाज होता.

पारसला रडू फुटलं. निळ्या दिव्यावर नुसती काळी चिकटपट्टी लावली असती तरी भागलं असतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या क्षणी त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की चोवीस स्तवनं अजून डिस्कमध्ये आहेत, डिस्क फिरते आहे, आणि बाबूजींनी काहीतरी सांगितलं आहे.

त्याने हात पुढे केला आणि स्वतःच बटण बंद केलं. मग ते आणखी काही बोलतात का, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.